लॅपविंग बोटीच्या टपावरचा अँटेना

मित्रांनो, मी एक जुना, वाकलेला, काळ्या चिकटपट्ट्या गुंडाळलेला अँटेना आहे. तुम्ही मला ओळखणार नाही. तुमच्या घरात रेंज आपोआप येते, मग माझ्यासारख्याची किंमत तुम्हाला कशी असणार? मी राहतो इंग्लंडातल्या कालव्यांवर, लॅपविंग नावाच्या एका लांबलचक, अरुंद बोटीच्या टपावर. लॅपविंग म्हणजे आपली टिटवी. ही टिटवी पोलादाची आहे. पोलादी भिंतींच्या आत बसून मोबाइल लावला तर काय होतं, ते बघायचं असेल तर आईच्या पिठाच्या डब्यात फोन ठेवून झाकण लावा. आई रागावली तर माझं नाव सांगू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात तांब्याची तार, वरून पांढरी नळी आणि खाली लोखंडी बूड, एवढीच माझी काया. एका तरुण मुलीनं मला पहिल्यांदा घेतलं. ती बोटीवर राहून ऑफिसचं काम करायची. लग्न ठरल्यावर ती जमिनीवर राहायला गेली आणि जाताना मला सिडच्या हातात देऊन गेली. सिड तेव्हा नुकताच बस चालवायच्या नोकरीतून मोकळा झाला होता. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, नोरीननं, राहतं घर विकून लॅपविंग घेतली होती.

सिडनं मला एका दांड्यावर बसवलं आणि तो दांडा बिजागरीनं टपाला जोडला, अगदी स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी. बिजागरी का, तर कालव्यावरचे विटांचे पूल फार बुटके. पूल जवळ आला की मागे सुकाणू धरून उभा असलेला सिड हाक द्यायचा, "पूल गं." खिडकीतून नोरीनचा हात बाहेर यायचा, मला टपावर आडवा पाडायचा आणि आतून आवाज यायचा, "निजवला." पूल मागे पडला की तोच हात मला पुन्हा उभा करायचा. हाताला पीठ लागलेलं असलं तर पिठासकट यायचा, पण आल्याशिवाय राहायचा नाही.

या लोकांचा संसार फिरता असतो. एका जागी दोन आठवडे झाले की दोर सोडायचा आणि पुढं निघायचं, असा तिथला नियमच आहे. त्यामुळे दर मुक्कामाला रेंज शोधणं आलं. सिड मोबाइल डोक्यावर धरून काठाकाठानं पुढं चालत जायचा आणि झाडं कमी असतील तिथं बोट बांधायचा. दुसरा बोटवाला भेटला तर हे लोक ख्यालीखुशाली नंतर विचारतात, आधी विचारतात, "तुमच्याकडे रेंज कितपत?" चांगली रेंज मिळाली की सिड म्हणायचा, "काय जागा शोधलीय बघ मी." रेंज गेली की म्हणायचा, "हा अँटेना म्हणजे निव्वळ डोकेदुखी आहे." जगाची रीतच ही, मी काय बोलणार?

नोरीनची एक थोरली बहीण होती, डोरोथी. सगळे तिला डॉट म्हणत. ती तरुणपणीच लग्न करून ऑस्ट्रेलियात पर्थला गेली होती. रविवारी दोघी बहिणी एकच मालिका एकाच वेळी लावायच्या आणि फोनवर बोलत बघायच्या. डॉटचं चित्र कसं सरळ चालायचं. नोरीनचं मात्र मध्येच अडकायचं आणि पडद्यावर ते गोल चाक फिरत बसायचं.

"डॉट, थांब गं. माझ्याकडे तो अजून दारातच उभा आहे."

"दारात कसला? माझ्याकडे त्याचा मुडदा पडला."

"सांगून टाकलंस ना, मेले."

"मग तुझ्या टपावरच्या त्या काठीला घाल एक लाथ."

मला काठी म्हणाली. तरी मी मनावर घेतलं नाही, कारण नोरीन त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती.

आणि मग एका सकाळी डॉट झोपेतच गेली.

तिच्या मुलीचा, शेरिलचा, फोन आला. "मावशी, तुला येता येणार नाही, ठाऊक आहे मला." नोरीनच्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी विमानाचं नाव काढू दिलं नव्हतं. "पण अंत्यविधीत तू बोलायचंस. मी टॅब आईच्या शवपेटीजवळ ठेवते, तू बोटीवरून बोल. आईचं लहानपण माहीत असलेलं आता तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही गं."

"बोलेन," नोरीन म्हणाली. "रेंज असो नसो, बोलेन."

मला तेव्हाच घाम फुटला असता, पण मी धातूचा.

पर्थच्या स्मशानातलं प्रार्थनाघर ठरावीक वेळेपुरतंच मिळतं. शेवटी पेटीपुढं पडदा ओढला की निरोप संपला. एक मयत उठलं की दुसरं दाराशी उभं असतं. पर्थची दुपार म्हणजे आमची सकाळ. सिडनं बेत केला की आदल्या दिवशीच खडकातली घळ ओलांडायची आणि पलीकडच्या गावात बोट बांधायची. तिथं रेंज भरपूर. ही घळ म्हणजे डोंगर कापून काढलेला अरुंद, खोल कालवा. दोन्ही बाजूंना ओले खडक, वर झाडांचं छप्पर. आत शिरलं की मी ठार बहिरा होतो. पण घळ काही जन्मभराची नसते, संध्याकाळच्या आत ओलांडून होते.

त्या दिवशी घळीच्या मध्यावर एक भलं मोठं झाड कालव्यावर आडवं पडलेलं होतं. सिडनं बोट थांबवेपर्यंत तिचं नाक फांद्यांत घुसलं. मागे घ्यायला गेला तर डहाळ्या पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळल्या आणि इंजिन गुदमरून बंद पडलं. लांब बोट अशा जागी वळत नाही. काठावरून कुत्रा फिरवणारा एक माणूस म्हणाला, "कालव्याच्या ऑफिसात कळवलंय मी. उद्या उजाडता उजाडता येतील झाड कापायला." सिडचा जीव भांड्यात पडला. तो थांबला.

उजाडलं. कुणी आलं नाही.

"मी तुला पाठुंगळी घेतो," सिड म्हणाला. "घळीच्या तोंडाशी जाऊ, तिथं रेंज येते."

"या चिखलातून? तुझी पाठ शिंकताना धरते. दोघंही पडू, मग कोण बोलणार?"

सिडनं बोटीच्या मागच्या कड्याला दोर बांधला, खांद्यावर घेतला आणि काठावरच्या पायवाटेवरून बोट उलटी ओढायला लागला. मित्रांनो, पूर्वी या कालव्यांवर हे काम घोडे करायचे. सिडचं वय सत्तरीच्या पुढं. त्याचे बूट चिखलात घसरत होते, बोट खडकाला घासत होती, आणि आत नोरीन चांगला कोट घालून, केस विंचरून लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर तेच गोल चाक फिरत होतं.

"आलं का काही?"

"नाही. ओढ."

मी आकाशाकडे कान लावून उभा होतो. वर नुसती पानं. माझ्या तारेच्या जोडाला गेल्या हिवाळ्यापासून गंज चढला होता. तो पुसायचा पुसायचा म्हणता राहून गेला होता. आज तो गंजही मला नडत होता. एवढं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

घळीचं तोंड जवळ आलं, झाडं विरळ झाली आणि एकाएकी मला ऐकू यायला लागलं. आधी तुटक, मग सलग. पडद्यावर प्रार्थनाघर उमटलं. पांढरी फुलं, लाकडी पेटी, लोकांच्या पाठी.

"सिड, आलं," नोरीन म्हणाली. "दिसतेय मला ती."

आणि बाहेरून सिडची हाक आली, "पूल गं."

घळीच्या तोंडाशीच पूल होता. बोट उलटी चाललेली, त्यामुळे तो नोरीनला खिडकीतून दिसत नव्हता, पण हाक तिनं ऐकली. तिचा हात सवयीनं बाहेर आला आणि माझ्या दांड्यावर पडला. पाड मला, मी मनात म्हटलं, पाड गं बाई, पुलापलीकडे पुन्हा उभा कर. तेवढ्यात आतून शेरिलचा आवाज आला, "आता माझी नोरीन मावशी बोलेल."

हात तिथंच थांबला.

"नोरीन, पूल. निजव त्याला."

"एकच मिनिट, सिड. थांबव बोट."

एवढी जड बोट दोरानं ओढून आणलेली. ती सुरू होताना जीव काढते आणि थांबताना त्याहून जास्त. सिडनं टाचा रोवल्या, दोर मागे ताणला, तर दोरानं त्यालाच फरफटत नेलं. आत नोरीननं तोंड उघडलं होतं. "डॉट," एवढं ती म्हणाली. शेवटच्या क्षणी तिनं हात आत घेतला. विटांची कमान माझ्या कमरेत बसली, बिजागरी मोडली, तार तुटली आणि मी कालव्यात पडलो.

खाली गाळ होता, काळोख होता. वरून मला सिडचा आवाज पुसट ऐकू येत होता. तो शिव्या देत होता, पण कुणाला ते कळत नव्हतं.

बोटवाल्यांकडे दोराला बांधलेलं एक जाडजूड लोहचुंबक असतंच, कारण किल्ल्या आणि नट आवळायचे पाने रोज पाण्यात पडतात. सिडनं ते टाकायला सुरुवात केली. आधी एक डबा वर आला, मग सायकलची साखळी.

"सोड ते," नोरीन खिडकीतून म्हणाली. "संपलं असेल आता. माझ्या हातानं घालवलं मी."

"गप्प बस. कोट भिजेल, आत हो."

"सिड, अरे तिला वाटलं असेल मी आलेच नाही."

सिडनं पुन्हा चुंबक टाकलं. या वेळी ते माझ्या लोखंडी बुडाला चिकटलं आणि मी गाळ गाळत वर आलो. सिडनं पावाच्या सुरीनं तार सोलली, दातांनी पीळ दिला, माझ्या तोंडात खुपसली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. दांडा मोडलेला, बिजागरी गेलेली. मला उभं करायला काहीच उरलं नव्हतं. मग सिड गुडघे टेकत टेकत टपावर चढला आणि दोन्ही हातांनी मला डोक्याच्या वर धरून उभा राहिला. त्याच्या बाह्यांतून पाणी ओघळून कोपरांवरून गळत होतं.

"लाव आता," तो म्हणाला.

नोरीननं लावला. पलीकडे कॉल कुणी बंद केला नव्हता, पण बराच वेळ नुसतं गोल चाक फिरत राहिलं. मग चित्र आलं. चित्रात छत होतं. टॅब कुठल्याशा बाकावर उताणा पडून राहिला असावा. माणसांचा आवाज नव्हता. कुणीतरी खुर्च्या सरळ करत होतं.

"शेरिल?" नोरीननं हाक मारली. "कुणी आहे का हो तिथं?"

खुर्च्यांचा आवाज थांबला. एका अनोळखी माणसाचा चेहरा वाकून पडद्यात आला. "मी इथला कर्मचारी, बाई. लोक बाहेर बागेत गेले. तुमचा टॅब विसरला वाटतं कुणी."

"आणि माझी बहीण?"

त्यानं मागे वळून बघितलं. "त्या आहेत इथंच. पडदा लावायचाय अजून."

नोरीन पडद्याजवळ सरकली. तोच म्हणाला, "नेऊ का तुम्हाला जवळ?"

"ने रे बाबा."

छत हललं, खिडक्या गेल्या आणि ती लाकडी पेटी अगदी जवळ आली. त्या माणसानं टॅब तिच्यासमोर धरला. माझ्या अंगात होती नव्हती तेवढी ताकद मी गोळा केली. सिड हलला की चित्र अडकत होतं, पण आवाज तुटला नाही.

नोरीननं आठवडाभर जे ठरवलं होतं त्यातलं ती काहीच बोलली नाही. ती म्हणाली, "डॉट, मी आहे गं. नोरीन. आई दिवा मालवायची तेव्हा तू माझा हात घट्ट धरायचीस आणि सकाळी तिला सांगायचीस, धाकटी घाबरते. मी कधी तुझं नाव सांगितलं नाही आईला. आजही नसतं सांगितलं, पण इथं आपलं कुणी ऐकत नाहीये. घाबरू नकोस. हात धरलाय मी."

पलीकडून तो माणूस हळूच म्हणाला, "बाई, पुढची मंडळी दाराशी आलीत."

"लाव पडदा," नोरीन म्हणाली. "तुझं भलं होवो."

तिनं लॅपटॉप मिटला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसली.

टपावरून सिडनं विचारलं, "झालं का गं? खाली करू?"

आतून उत्तर आलं नाही. तिला ते ऐकूच गेलं नसावं. सिडनं पुन्हा विचारलं नाही. काठावरून दोघंजण करवती घेऊन झाडाकडे निघालेले दिसले. त्यांनी वर बघितलं, आपसांत काही बोलले आणि पुढं गेले. सिडचे दंड आता दिसतील असे कापत होते. तो मला तसाच आभाळात धरून उभा राहिला, कारण त्याला वाटत होतं की अजून बोलणं चालू आहे.

मित्रांनो, आमच्या जोडांवरचा गंज वेळच्या वेळी पुसत जा, आमच्या तारा ओढू नका, आम्हाला बोटीवरच्या शेगडीच्या कोळशाच्या पोत्याखाली टाकू नका, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. तुमचं बोलणं पोचावं म्हणून कुणीतरी बाहेर हात वर करून उभं असतं. तुमचं झालं की त्याला सांगायला विसरू नका, झालं, आता हात खाली कर.