मैदानाबाहेर उतरलेले काका

मित्रांनो, विमान म्हटलं की तुम्हाला आधी त्याची घरघर आठवते. मला घरघर नाही, कारण मला इंजिनच नाही. मी एक जुना ग्लायडर आहे. लाकडाच्या हाडांचा आणि कापडाच्या कातडीचा. मैदानाच्या पार टोकाला विंच नावाचं एक यंत्र आहे. ते लांबच लांब दोर भराभर गुंडाळतं आणि त्या दोराला अडकवलेला मी पतंगासारखा वर चढतो. वर गेलो की दोर सुटतो. मग मी, माझ्यात बसलेली दोन माणसं आणि हवा. तापलेल्या जमिनीवरून हवा वर उठत असते. ती सापडली तर तासभर तरंगायचं, नाही सापडली तर चार मिनिटांत गुमान खाली यायचं. आपल्या हाती एवढंच असतं.

मला एका सुताराने पंधरा महिने खपून घडवलं. त्याने फळ्या इतक्या पातळ तासल्या होत्या की उजेडासमोर धरल्या तर पलीकडची बोटं दिसायची. पंखांवरचं कापड त्याच्या बहिणीने शिवलं. शिवताना ती कोणाशी बोलत नसे. टाके मोजत असे. माझं पहिलं उड्डाण झालं तेव्हा सुतार मैदानाकडे पाठ करून उभा होता म्हणे. "उतरला की सांगा," एवढंच म्हणाला.

पुढे मी इथल्या ग्लायडर संस्थेत आलो. तीस-बत्तीस माणसांची संस्था. कोणी दात काढतं, कोणी कापड विकतं, कोणी शाळेत शिकवतं. आणि रविवारी सगळे मिळून मला हँगरमधून, म्हणजे आमच्या पत्र्याच्या शेडमधून, ढकलत बाहेर काढतात. काही वर्षांनी एका आसनाची एक देखणी ग्लायडर आली. तिला सगळे 'धाकटी' म्हणू लागले आणि मी आपोआप 'थोरले' झालो. हँगरमध्ये जागा कमी, म्हणून ती माझ्या पंखाखाली सरकून झोपायची. मला ते आवडायचं.

माझ्यात दोन आसनं आहेत. शिकणारा पुढे बसतो, शिकवणारा मागे. माझ्या मागच्या आसनावर एकोणीस वर्षं काका बसले. काकांचं बाजारात जिन्याखाली घड्याळदुरुस्तीचं दुकान. आठवडाभर डोळ्याला भिंग लावायचं आणि रविवारी आभाळाला डोळे लावायचे. संस्थेचे अध्यक्षही तेच. त्यांचा आवाज असा, की शेजारी झोपलेलं मूल उठू नये. "बाळा, नाक जरा खाली घे," म्हणायचे. पुढे बसलेला पन्नाशीचा टक्कल पडलेला गृहस्थ असला तरी तो त्यांचा बाळच.

एकच गोष्ट ते करड्या आवाजात सांगायचे. "उंचीचा काटा दोनशे मीटरवर आला की आशा सोडायची. मन सांगेल, त्या टेकडीपाशी हवा मिळेल, त्या ढगाखाली नक्की मिळेल. मनाचं ऐकायचं नाही. मैदानाकडे वळायचं." हे वाक्य मी हजारो वेळा ऐकलं असेन. मलाही पाठ आहे आणि माझ्या स्क्रूंनाही.

आणि मित्रांनो, हे शिकवणाऱ्या माणसाकडूनच ती चूक झाली. आभाळात नाही, जमिनीवर.

दर काही वर्षांनी माझं कापड उतरवून आतले सांधे तपासावे लागतात. त्याशिवाय मला उडायची परवानगी मिळत नाही. खर्च मोठा, म्हणून दर महिन्याला थोडे पैसे बँकेत वेगळे ठेवत. त्या खात्याला सगळे 'थोरल्यांची पेटी' म्हणायचे. एका वर्षी हँगरचं भाडं दीडपट झालं. त्यातच सहा सभासद बदलीने दूर गेले. वर्गणी वाढवावी तर नवे शिकणारे पळतील, ही काकांना धास्ती. त्यांनी भाडं माझ्या पेटीतून भरलं. पुढच्या महिन्यात परत टाकू म्हणून. पुढच्या महिन्यात विंचचा दोर बदलावा लागला. एका बड्या माणसाने देणगी कबूल केली होती, ती येते येते म्हणत आलीच नाही. अशी दोन वर्षं गेली. माझ्या तपासणीची तारीख आली, तेव्हा पेटीत खडखडाट होता. शिकणाऱ्या तिघांनी वर्षाची फी आगाऊ भरलेली, तीही भाड्यात गेली होती.

मला हँगरमध्ये उभं केलं. त्याच आठवड्यात काकांची चिठ्ठी आली.

रविवारी सगळे सभासद माझ्या पंखाखाली खुर्च्या टाकून बसले. औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई संस्थेच्या खजिनदार होत्या. चिठ्ठी त्यांनीच वाचली.

"सभासदहो, पैसे मी घरी नेले नाहीत, पण राखलेही नाहीत. काटा खाली चाललेला मला दिसत होता. पुढे हवा मिळेल असं वाटत राहिलं. अध्यक्षपद आणि शिकवणं, दोन्हींचा राजीनामा देतो आहे. हँगरची किल्ली सोबत आहे. माफ करा, असं लिहायला हात धजत नाही."

वाचून त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. तो चांगला स्वच्छ होता.

पहिले उसळले सुतारमामा. हे मला घडवणाऱ्या सुताराचेच चिरंजीव. मनाने लोणी, जिभेने रंधा.

"दोन वर्षं? दोन वर्षं एक शब्द नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि इथे मुठीत काही नव्हतंच की हो!"

"पण मामा, त्यांनी पैसे खाल्ले नाहीत," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"खाल्ले असते तर निदान कुणाच्या तरी अंगी लागले असते!"

एकदोघे हसले. कोणी म्हणालं चौकशी नेमा, कोणी म्हणालं संस्थाच बंद करा. कापडवाले म्हणाले, "मला पहिल्यापासून वाटत होतं." त्यावर शाळेतल्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला सगळं पहिल्यापासून वाटतं, सांगता मात्र शेवटी." खजिनदारबाई हळूच म्हणाल्या, "पासबुक दर महिन्याला माझ्या हातात यायचं. मी आकडा बघायची आणि म्हणायची, काका आहेत ना. सही करायची." मग त्या पुन्हा चष्मा पुसू लागल्या.

एक बाई तेवढी काही बोलत नव्हती. ती शहरात बस चालवते. सगळे तिला ताई म्हणतात. आगाऊ फी भरलेल्या तिघांतली एक. पगारातून वाचवून भरलेली. काकांबरोबर आणखी तीन उड्डाणं झाली की ती एकटीने उडणार होती. त्यासाठी तिने तीन वर्षं रविवारची सुट्टी मागून घेतली होती. आता ना फी, ना ग्लायडर, ना शिकवणारा. सगळ्यांचे डोळे हळूहळू तिच्याकडे वळले.

"माझे पैसे बुडालेत, म्हणून मी बोलते," ताई म्हणाली. "मला राग आलाय. रात्री झोप लागत नाही एवढा. पण मामा, तुम्ही कोबीच्या मळ्यात उतरला होतात, ते जरा सांगा बघू."

मामा गोरेमोरे झाले. "त्याचा इथे काय संबंध?"

संबंध मला ठाऊक होता, कारण त्या कोबीत मीही होतो. मामा तेव्हा बाविशीचे. उंची संपत आली तरी आणखी एक गिरकी, आणखी एक, करत राहिले आणि मैदान हुकलं. मला कोबीच्या ओळींत उतरवलं. माझी एक फळी तडकली. आमच्यात मैदानाबाहेर कोणी उतरलं की एक रीत आहे. असतील तेवढे सगळे जीप घेऊन निघतात. पोचल्यावर पहिला प्रश्न एकच: लागलं का कुठे? मग त्या माणसाला गरम चहा. मग ग्लायडर उचलायचा. बोलणी सगळ्यात शेवटी, घरी आणल्यावर. त्या दिवशी कोबी तुडवत आधी पोचले होते ते काका.

"काकाही मैदानाबाहेरच उतरलेत," ताई म्हणाली. "चिठ्ठी येऊन पाच दिवस झाले. कोण गेलं त्यांच्याकडे? कोणी विचारलं, लागलं का?"

मामांनी नाक ओढलं, उठले आणि म्हणाले, "जीपची चावी कुणाकडे आहे?"

मी काही तिथे जाऊ शकत नव्हतो. पण पुढे माझं कापड सोलताना मामांनी ते इतक्यांदा सांगितलं की मी स्वतः पाहिल्यासारखं झालंय. दार काकूंनी उघडलं. पाच दिवस दुकान बंद. काका पलंगाच्या कडेला बसलेले, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. मामांनी वाटेत चार खरमरीत वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं ते एवढंच, "काका, लागलं का कुठे?"

काका म्हणाले, "हो."

काकूंनी देवापुढचं निरांजन सारखं करता करता मागे न बघताच म्हटलं, "पाच दिवसांत पहिल्यांदा खरं बोललात." आणि चहाला आधण ठेवलं.

चहानंतर बोलणीही बसली. काकांनी ती खालमानेने ऐकून घेतली. एक-दोन वाक्यं राहिली म्हणून मामांनी ती दुसऱ्या दिवशी जाऊन ऐकवली.

मित्रांनो, गोष्टीतल्यासारखं सगळं जिथल्या तिथे झालं नाही. अध्यक्षपदाचा राजीनामा मंजूरच झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. वर्गणी वाढली, तेव्हा आणखी चौघे सोडून गेले. तरी पैसे पुरेनात. शेवटी धाकटीला विकलं. एका सकाळी तिचे पंख उतरवले, लांब गाडीवर बांधले आणि नेलं. माझ्या पंखाखाली आता नुसते तेलाचे दोन डबे. मला काकांचा राग आला का? आला. थोरला असलो म्हणून काय झालं.

तपासणीचं निम्मं काम सभासदांनी स्वतः केलं, तपासनीसाच्या देखरेखीखाली. मला उघडं केलं तेव्हा लाज वाटली. बाहेरून रंग चकचकीत आणि आत दोन सांध्यांचा सरस सुकून भुगा झालेला. मामा आत बोट घालून कितीतरी वेळ बघत राहिले. "बाबांनी केलेला सांधा," म्हणाले. "बोलला असता तर बरं झालं असतं."

तिसऱ्या रविवारी काका आले. कोणाला न विचारता कोपऱ्यात बसले आणि माझे बारीक स्क्रू रॉकेलमध्ये धुऊ लागले. घड्याळजीची बोटं ती. काही लोक त्यांच्याशी बोलले, काही नाही बोलले. कापडवाले तर पुढचे दोन रविवार पाठ करून काम करत होते. मग एकदा त्यांच्या हातून नट गडगडत गेला आणि काकांनी तो पायाखाली अडवला. "घ्या," काका म्हणाले. "हं," कापडवाले म्हणाले. तिथून सुरुवात झाली.

पाच महिन्यांनी तपासनीसाने शिक्का मारला. मला मैदानावर आणलं. ताई पुढच्या आसनात बसली, पट्टे आवळले आणि वाट बघू लागली. मागे कोणीच बसेना. काका लांब कुंपणापाशी उभे होते.

ताईने पट्टे सोडले, उतरली आणि तरातरा त्यांच्यापाशी गेली.

"चला, काका."

"मी राजीनामा दिलाय."

"अध्यक्षपदाचा मंजूर झाला. शिकवण्याचं कोणी बोललंच नाही."

काकांनी मान हलवली. "तुझा माझ्यावर विश्वास राहिलाय का, बाळा?"

ताईने विचार केला. खोटं बोलणं तिला जमत नाही. "पैशाच्या बाबतीत नाही," ती म्हणाली. "उडण्याच्या बाबतीत आहे. काका, मी रोज साठ माणसं पाठीमागे बसवून बस चालवते. पण माझ्या पाठीमागे अमुकच माणूस बसावा असं मला फक्त तुमच्याबाबतीत वाटतं. चला ना."

काका आले. आसनात बसताना त्यांचा हात माझ्या कडेवर टेकला. मग त्यांनी पट्टे आवळले.

त्या दिवशी तीन उड्डाणं झाली. तिसऱ्यानंतर काका उतरले आणि मागचे रिकामे पट्टे नीट बांधून ठेवले. "मागे वजन नाही, म्हणून थोरले पटकन वर उठतील. दचकू नकोस," एवढं म्हणून बाजूला झाले.

मी खरंच पटकन उठलो. इतक्या वर्षांत कितीजण असे एकटे उडाले, पण एवढं शांत कोणी बसलं नव्हतं. वर उठणारी हवा सापडली नाही. चार मिनिटं तरंगलो आणि तिने मला गवतावर अलगद टेकवलं. सगळे धावत आले. मामांच्या डोळ्यांत कचरा गेला होता, दोन्ही डोळ्यांत. काका गुडघ्यांमुळे सगळ्यांच्या मागून आले.

"कसं झालं?" ताईने विचारलं.

"उतरताना डावा पंख जरा खाली होता, बाळा."

ताई एवढी हसली की मी हललो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा. नुसता वरून रंग देऊ नका, अधूनमधून उघडून आत बघा. आणि तुमच्या घरात, तुमच्या संस्थेत कोणीतरी असेल; सगळं त्याच्यावर टाकून तुम्ही निर्धास्त असाल. आज त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, कसं चाललंय? तो म्हणेल, ठीक आहे.

पुन्हा विचारा.