खिडकीखाली अडकलेले वासुदेवराव

वाचकहो, घरातली तरुण मुलगी जरा वेगळी वागू लागली, की आपण तिला काही विचारत नाही. आपण तिच्यावर पाळत ठेवतो. हिंगणघाटच्या वासुदेवरावांनीही तेच केलं. ते एका मिलमध्ये टाइमकीपर होते. कोण उशिरा आलं, कोण लवकर सटकलं, हे हेरण्यात त्यांची हयात गेलेली. ती नजर ते घरीही घेऊन येत.

१९८४च्या हिवाळ्यात ती नजर नलूवर पडली. नलू त्यांची कॉलेजात जाणारी लेक. पोरगी उजाडताच 'जादा तास आहे' म्हणून निघायची आणि परतताना लंगडायची. तिळाच्या तेलाची बाटली भराभर रिकामी होत होती. खोलीची कडी लावून ती आत काहीतरी करायची, मधूनच कण्हायची. वासुदेवरावांच्या मनात पाल चुकचुकली. त्यात शेजारचे अण्णाजी दात कोरत म्हणाले, "पोरीची चाल काही वेगळी दिसून राह्यली, वासुदेवराव!" झालं! त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना.

"पोरगी सकाळी कुठं जाते?" त्यांनी एका रात्री बायकोला दरडावलं.

"तिलेच विचारा नं," कोकिळाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "मले काऊन विचारता?"

"तू तिले सामील आहे! आर्वीच्या स्थळाले होकार कळवतो अन् कॉलेज बंद!"

नलू दाराआड उभी राहून हे ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी वासुदेवराव मफलर गुंडाळून तिच्या मागे निघाले. नलू एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये शिरली. आतून पुरुषाचा आवाज आला, "अजून वाक, नलू. घाबरू नको." वासुदेवरावांचं डोकंच फिरलं! खिडकीची खालची फळी तुटलेली होती. ते उकिडवे बसले आणि वाकून आत पाहू लागले.

आत सतरंजीवर मुली दोन्ही पाय फाकवून बसल्या होत्या आणि कपाळ जमिनीला टेकवायची धडपड करत होत्या. समोर पांढऱ्या पोशाखात एक तरुण मास्तर उभा. 'हे असले धंदे!' ओरडायला वासुदेवराव ताडकन उठले, आणि कंबरेत अशी उसण भरली की ते अर्ध्यातच अडकले.

"अगं आई गं!"

मुली धावत बाहेर आल्या. खिडकीखाली वाकलेल्या बापाला पाहून नलूचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तिनेच त्यांना सतरंजीवर उताणं निजवलं, त्यांचा गुडघा हलकेच पोटाकडे आणला. वासुदेवराव दात-ओठ खात अंग ताठ करू लागले.

"जोर नका लावू, काका," मास्तर म्हणाला. हरिदास त्याचं नाव. "जोर लावला का अंग अजून आखडते. श्वास सोडा. पोरीवर भरोसा ठेवा."

हळूहळू उसण सैल झाली.

"तू हे काय करून राह्यली?" त्यांनी नलूला विचारलं. हा प्रश्न त्यांनी तिला पहिल्यांदाच विचारला होता.

"कराटे शिकते, बाबा. लाथ वर जायले पाह्यजे तर मांड्या मोकळ्या करा लागते. त्यानंच पाय दुखतेत."

"अन् कराटे काहाले?"

नलूने मान खाली घातली. "बसस्टँडजवळच्या बोळीत पोट्टे माही वाट अडवतेत. दिवाळीपासून."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तुमी त्याइले काही म्हटलं नसतं, बाबा. माहंच कॉलेज बंद केलं असतं!"

काल रात्री वासुदेवराव नेमकं हेच बोलले होते!

"काका," हरिदास म्हणाला, "तुमी पोरीच्या चालीवर नजर ठेवली. पोरगी ज्या बोळीतून चालते, तिथं एक दिवस तरी गेले होते का?"

वासुदेवरावांना शरमेने रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "चुकलो, पोरी," ते म्हणाले.

आर्वीच्या लोकांना त्यांनी 'मुलगी अजून शिकते आहे' म्हणून कळवून टाकलं. अण्णाजींनाही रस्त्यातच, चारचौघांत, मोठ्याने सांगितलं, "माही पोरगी कराटे शिकते. तुमची नात पाठवा!" आणि दुसऱ्या दिवशी ते कंबर धरत नलूसोबत त्या बोळीतून चालत गेले. टोळकं कट्ट्यावर बसलेलं होतं. बहुतेकांचे बाप मिलमधलेच; वासुदेवराव थांबले, एकेकाला त्याच्या बापाच्या नावानिशी हाक मारली. एकाचीही वर पाहायची हिंमत झाली नाही.

मित्रहो, रस्त्यावरच्या गुंडापेक्षा आपल्या लेकीला घरच्या संशयाची जास्त भीती वाटावी, याहून मोठी लाज बापाला कोणती? पाळत ठेवायचीच असेल तर त्या बोळीवर ठेवा. लेकीला आधी विचारा, आणि ती सांगेल ते खरं माना!