मागचं दार

मैदानाची भिंत दिसू लागली तशी बाबांनी चालता चालताच शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली. बसमध्ये गळ्यापर्यंत बंद असलेला तो पांढरा शर्ट त्यांनी काढला, रस्त्याच्या कडेला थांबून त्याची नीट घडी घातली, काखेत धरली आणि तिच्याकडे तोंड करून ताठ उभे राहिले.

"कसा आहे?"

आत काळा टी-शर्ट होता. छातीवर पांढऱ्या दोऱ्याने भरलेलं नाव, आज ज्यांना ऐकायला ती दोघं निघाली होती त्याच बँडचं. ते अक्षर म्हणजे नुसतं काटेरी कुंपण, भल्याभल्यांना वाचता येत नाही. बाबांनी ते तिच्या खोलीतल्या पोस्टरवरून उतरवून घेतलं होतं आणि एकही काटा वाकडा गेला नव्हता.

"काय लिहिलंय ते काही मला कळलं नाही," बाबा म्हणाले. "पण टाका चुकलेला नाही. बघ हवं तर."

तिने टाका बघितलाच नाही, आधी आजूबाजूला कुणी ओळखीचं आहे का ते बघितलं.

हेवी मेटलचं दणदणीत संगीत ऐकणाऱ्यांत एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण मोडला तर हसं होतं. ज्या बँडला ऐकायला जायचं, त्याच बँडचं नाव अंगावर घालून जायचं नाही. दुसऱ्या कुणाचंही घालावं, लोकांना जितकं कमी ठाऊक तितकं बरं. गेल्या कार्यक्रमाला एकाने हा गुन्हा केला, तेव्हापासून सगळे त्याला 'जाहिरात' म्हणूनच हाक मारतात. हाकेला तोही ओ देतो, करतो काय बिचारा.

बाबा मात्र शाळांचे गणवेश शिवणारे शिंपी. ज्याच्या दारी जायचं त्याचा गणवेश घालायचा, यात त्यांना विचार करण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

"कधी शिवलात हे?"

"कामातून वेळ काढून. तुझी आई म्हणाली, एकटी नको जायला, तुम्ही बरोबर जा. म्हटलं, जायचंच आहे तर आपल्यामुळे पोरीची मान खाली जायला नको."

तिने स्वतःचं जाकीट उगाच खाली ओढलं. बिनबाह्यांचं जीन्सचं जाकीट, त्यावर बँडांच्या नावांचे कापडी तुकडे शिवलेले, कडा मुद्दाम उसवलेल्या. आणल्यापासून एकदाही धुतलेलं नाही, कारण असं जाकीट धुवायचं नसतं. या जाकिटावरून घरात पुष्कळ झालं होतं. शिंप्याची पोर आणि अंगावर ठिगळं, असं दुकानात येणारा जाणारा हसून म्हणायचा. बाबाही हसायचे. एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापिका माप द्यायला आल्या होत्या. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ही तुमचीच का?" त्या गेल्यावर बाबा मशीनवरची नजर न काढता म्हणाले, "दुकानात गिऱ्हाईक असलं की मागच्या दाराने येत जा."

आवाज चढवला नव्हता त्यांनी. चढवला असता तर भांडता तरी आलं असतं. तेव्हापासून ती मागच्याच दाराने यायची, गटाराच्या कडेने, चिंध्यांच्या पोत्यांना अंग चोरून. दुकान रिकामं असलं तरीही.

समोरच्या फाटकाशी तिची टोळी उभी होती. मध्ये बुवा. छातीपर्यंत दाढी, दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा, आणि कोण आपलं, कोण परकं यावर शेवटचा शब्द त्याचा. यंदा कुठे त्यांनी तिला आपल्यात घेतलं होतं. सगळ्यांच्या जाकिटांची शिलाई तीच करायची, म्हणून नाव पडलं होतं सुई. आता उद्यापासून काय नाव पडेल, याने तिचा जीव टांगणीला लागला.

"बाबा, शर्ट घाला ना वरून. वारा सुटलाय."

"घामाने चिंब झालोय गं. वारा कुठला?"

ती या पायावरून त्या पायावर झाली. बुवाने मान वळवली, त्याला ती दिसणारच होती.

"इथे गर्दी फार आहे, बाबा," ती घाईने म्हणाली. "तुम्ही मागच्या दाराने या."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ते वाक्य कुणाचं आहे, हे दोघांनाही एकदमच कळलं.

"बरं," ते म्हणाले. "हेच तिकीट चालेल ना तिथे?"

"चालेल."

शर्टाची घडी त्यांनी काखेतून काढून छातीशी धरली आणि भिंतीच्या कडेने चालू लागले.

"काय गं सुई, एकटीच?" बुवा म्हणाला. "वडील येणार होते ना?"

"येतायत."

जाहिरातने तिला नवं जाकीट दाखवलं, ती बरं म्हणाली. रांग पुढे सरकली. तिचं लक्ष कशातच लागेना. त्या एका वाक्याचा राग तिने इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता, आणि स्वतः ते म्हणायला तिला विचारसुद्धा करावा लागला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

"आलेच," असं म्हणून ती रांगेतून निघाली आणि भिंतीच्या कडेने जवळजवळ पळतच गेली.

मागच्या फाटकाशी जनरेटर धडधडत होता. मोजकीच माणसं होती. बाबा शेवटी उभे होते, शर्ट पुन्हा काखेत धरून, छातीवर हातांची घडी घालून.

"पुढून सोडत नाहीत का?" त्यांनी विचारलं.

"सोडतात."

ती त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"त्या दाढीवाल्याच्या पाठीवरचं मोठं ठिगळ," बाबा म्हणाले, "तू लावलंस?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"मघाशी तो वळला तेव्हा बघितलं. कापड ताणलं, पण कोपरा उचलला नाही. दुहेरी टाका घातलास ना? मी खिशांना घालतो तसा. पोरं हात घालून ओढतात म्हणून."

"इथेही ओढतात."

बाबा हसले. थोडंसंच, पण मशीनसमोर बसून गिऱ्हाइकांसाठी हसायचे तसं नव्हे.

तेवढ्यात भिंतीच्या कोपऱ्यावरून बुवाचा आवाज आला. "अरे, इथे रांगच नाही! सुई, सांगायचं नाही होय?" सगळी टोळी त्याच्यामागून येत होती.

बाबांनी त्यांना पाहिलं. हातांची घडी आणखी आवळली आणि ते भिंतीकडे वळू लागले.

तिने त्यांचा दंड धरला.

"हात खाली घ्या, बाबा. नाव झाकलं जातंय."

बाबांनी हात खाली सोडले. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. तिने त्यांच्या काखेतली पांढऱ्या शर्टाची घडी घेतली आणि टोळी जवळ येईपर्यंत त्यांना लागूनच उभी राहिली.