वर्गातला कडा

शाळेने इतिहास आणि भूगोल एकाच तासात कोंबले आणि मास्तरांना वर्गातही संसार थाटावा लागला. भूगोलाच्या बाई म्हणजे त्यांची बायकोच. "घरी तिचं ऐकतो, आता इथेही ऐकायचं," असं ते स्टाफरूममध्ये हसत सांगायचे.

पहिलाच धडा गावच्या विजयाचा. मास्तरांना तो तोंडपाठ होता: पहाटे शत्रू पूर्वेकडून चालून आला आणि गावाने त्याला खाली लोटलं. बाईंनी टेबलावर मातीचं गाव रचलं होतं, चढ-उतारांसकट. मागच्या बाकावर शाळेचे अध्यक्ष दोन धटिंगण घेऊन बसले होते. त्या विजयाचे सेनापती त्यांचे आजोबा.

पुढच्या बाकावरची चष्मेवाली मातीकडे बघत म्हणाली, "सर, पूर्वेला तर सरळ कडा आहे. शत्रू चढला कसा?"

मास्तरांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. खरं काय ते त्यांच्या आईने लहानपणी दार लावून सांगितलं होतं. पण आजवर कोणी विचारलं नव्हतं, कारण आजवर इतिहासाच्या तासाला कडाच नव्हता.

"कोणी चढलं नाही, बाळा," बाई म्हणाल्या. "ते लोक वरच राहत होते."

अध्यक्षांची काठी आधी मातीवर पडली, मग बाईंच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या वर्गाने ऐकला. मुलं किंचाळली. एका धटिंगणाने दार अडवलं, दुसऱ्याने बाईंचा डावा हात टेबलावर दाबून धरला.

"मास्तर, शत्रू कुठून आला?"

"पूर्वेकडून," मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःची किळस आली, पण तो हात तेवढा वाचला.

मग काठी चष्म्याला टेकली. "आता तू म्हण."

पोरगी रडत होती. "पण कडा आहे ना," ती पुटपुटली.

काठी वर गेली. मास्तर मध्ये घुसले. "तिला काय विचारता? मला विचारा! ते आपले शेजारी होते. तुमच्या आजोबांनी त्यांना बायकापोरांसकट कड्यावरून ढकललं!"

पहिला फटका कानशिलावर बसला. दुसऱ्या फटक्याला ते गुडघ्यांवर आले. डोळ्यांत रक्त ओघळलं, दात तुटून जमिनीवर पडले, तरी ते मुलांकडे तोंड करून बोलतच राहिले: कोणाची घरं कुठे होती, कोणी वाट अडवली, कोण आधी पडलं.

"अहो, गप्प बसा!" बाई ओरडत होत्या. "मारून टाकतील तुम्हाला! अहो, ऐका माझं!"

मास्तरांनी ऐकलं नाही.