माझ्या इंजिनावरचा आळ

मी एक जुनी मोपेड आहे, मित्रांनो, आणि जुनी असले तरी माझे नाक अजून वरच आहे. माझा जन्म १९७५ सालचा. पन्नास सीसीचे इंजिन, सायकलसारखे पायडल आणि मागे एक छोटी सीट. पेट्रोलात मापाने ऑईल मिसळून पाजले की मी निळसर धूर सोडत फटफट करत निघते. हल्लीच्या गाड्यांना माझा धूर आवडत नाही. न आवडो. मी त्यांना विचारायला गेले नव्हते.

माझा मालक सूर्यभान बिडकीनजवळच्या एका गावचा. घराणे मेंढपाळांचे. भाऊ मेंढरे घेऊन रानोमाळ फिरायचा आणि सूर्यभान औरंगाबादला स्टेशनजवळच्या कारखान्यात कामाला लागला होता. तेव्हा शहराभोवती एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि भोंग्याच्या आत पोचायचे तर गाडी हवीच होती. मला पहिल्यांदा गावात आणले तेव्हा मेंढरे अशी उधळली की ती गोळा करण्यातच त्याची सकाळ गेली. घरात आणखी एक जनावर आले, असे म्हणून त्याची बायको सारजाबाई पोट धरून हसली होती.

माझ्या मागच्या सीटवर रोज कचरू बसायचा. तो त्याच गावच्या दलित वस्तीत राहायचा आणि त्याच कारखान्यात फिटर होता. रविवारी तो माझा प्लग काढून घासायचा आणि टाकीवर तळहात ठेवून नुसता ऐकत राहायचा. माझा आवाज सूर्यभानपेक्षा त्यालाच जास्त कळायचा. दोघांना घेऊन मी चढसुद्धा चढायचे. फार तर सूर्यभान दोनदा पायडल मारायचा. तीन वर्षांत मी एकदाही कुरकुरले नाही. हे ध्यानात ठेवा.

मग अठ्ठ्याहत्तर सालचा पावसाळा आला. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यायचे ठरले, आणि त्याला विरोध म्हणून गावोगाव माणसे माणसांवर उठली. एका संध्याकाळी सूर्यभानला चावडीवर बोलावणे आले. पिके निघाल्यावर ज्यांच्या शेतात त्याच्या भावाची मेंढरे बसायची, ते शेतमालक तिथे होते. मेंढरे बसली की शेताला खत मिळते आणि मेंढपाळाला धान्य. भावाचे घर त्यावरच चालायचे. कचरूला गाडीवर घेतलेस तर यापुढे आमच्या शिवारात मेंढरू दिसता कामा नये, एवढेच त्याला सांगितले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरू नेहमीच्या जागी उभा होता. मी चालूच होते, अगदी एका लयीत. सूर्यभान त्याच्याकडे न पाहता म्हणाला, “गाडी डबल ओढत नाय आता. इंजनात दम राह्यला नाय.”

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी तिथेच भांडले असते. कचरूने टाकीवर तळहात ठेवला, थोडे ऐकले, “बरं,” म्हणाला आणि चालू लागला. एसटी बंद होती. त्याच आठवड्यात वस्तीतल्या चार घरांना आग लावली गेली. त्यात एक कचरूचे होते. माणसे वाचली, पण शहरात निघून गेली ती परत आली नाहीत.

सूर्यभानने मला आणखी महिनाभर चालवले. मग एक दिवस मेंढरांच्या वाड्यात भिंतीला टेकवले आणि तो एसटीने जाऊ लागला. कुणी विचारले की सांगायचा, गाडीत दम नाही. खोटे बोलला तो आणि बदनाम झाले मी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पंधराहून जास्त वर्षे मी तिथे उभी होते. कोंबड्या सीटवर अंडी घालायच्या, टाकी आतून गंजली, उंदरांनी वायरी कुरतडल्या. मला सूर्यभानचा राग यायचा. पण तो लोकर कातरायला येऊन माझ्याकडे पाठ करून बसला की वाईटही वाटायचे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावात अखेर बाबासाहेबांचे नाव आले. रेडिओवर बातमी ऐकून सूर्यभान वाड्यात आला आणि त्याने माझ्यावरची धूळ झटकली. पेट्रोल ओतून घाम फुटेपर्यंत पायडल मारले; मी ढिम्म. बिडकीनच्या मेकॅनिककडे न्यावी म्हणाला, तेव्हा सारजाबाईने त्याला अडवले.

“न्यायची तर कचरूकडंच न्या. दुसऱ्याचा हात लागू देऊ नका.”

औरंगाबादला पुंडलिकनगरात आता कचरूचे गॅरेज होते. जुनी टू-स्ट्रोक इंजिने उठवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. टेम्पोतून उतरवल्यावर त्याने आधी मला ओळखले, मग सूर्यभानला. हात पुसत, प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा तसेच त्याने विचारले, “काय झालंय गाडीला?”

 सूर्यभान म्हणाला, “गाडीला कायबी झालं नव्हतं, कचरू. त्या दिवशीबी नव्हतं. मी भ्यालो व्हतो.”

“ठाऊक हाय. इंजनाची फायरिंग साफ व्हती. पण तुझ्या तोंडून ऐकायचं व्हतं.”

त्याने चहा मागवला नाही की गळाभेट घेतली नाही. चार दिवसांनी ये म्हणाला आणि नट खोलायचे पाने हाती घेतले. टाकीत बारीक खडे घालून, खळखळा हलवून गंज काढला. कार्बोरेटरचे छिद्र तारेने मोकळे केले. सायलेन्सरमध्ये काजळी गच्च बसली होती. तो सायलेन्सर त्याने गोवऱ्यांच्या आगीत लालबुंद भाजला आणि ठोकून रिकामा केला. वायरी बदलल्या, पिस्टनला नव्या रिंगा घातल्या. बऱ्याच पायडलांनंतर मी खोकले आणि मग बोलू लागले. कचरूने टाकीवर तळहात ठेवून डोळे मिटले. मला तेव्हा फार बरे वाटले.

सूर्यभान न्यायला आला, तेव्हा गावापर्यंत येशील का, असे त्याने चाचरत विचारले.

“चावडीवरून नेणार आसशील तर येतो,” कचरू म्हणाला.

पुढच्या हंगामात मेंढरे कुणाच्या शेतात बसतील, हे सूर्यभानला ठाऊक नव्हते. तरी तो पुढे बसला, कचरू मागे बसला आणि भर दुपारी आम्ही गावात शिरलो. चावडीवर तेच लोक होते, आता म्हातारे झालेले. सूर्यभानने मला तिथे उभे केले, बंद मात्र केले नाही.

“राम राम,” तो म्हणाला. “गाडी डबल ओढती. पयलेबी ओढत व्हती. खोटं मी बोललो व्हतो.”

 माझी फटफट चालूच होती.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोपऱ्यात एखादी जुनी गाडी असेल. तिचा प्लग घासा, टाकी गंजू देऊ नका, अधूनमधून तिला चालवा. आम्हा यंत्रांना तोंड नाही, म्हणून तुमच्या भीतीचे खापर आमच्यावर फोडू नका. गाडी बंद पडली असे कुणाला सांगाल, तेव्हा ती खरोखरच बंद पडलेली असू द्या.