माझा हरवलेला पहिला इंच

मी मापाची एक जुनी टेप आहे. लांबी साठ इंच, रंग एके काळी पिवळा, मुक्काम कटिंग मास्तरांच्या गळ्यात. माझं एक टोक पितळी पट्टीत घट्ट बसलेलं आहे. दुसऱ्या टोकाची पट्टी मात्र केव्हाच निखळली आणि एकाच्या आधीचा सगळा इंच झिजून गेला. मित्रांनो, त्या हरवलेल्या इंचाने काय घोळ घातला, तेच मला सांगायचं आहे.

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं काम केलं. किती खांदे, किती कंबरा मोजल्या, याची गणती नाही. "मास्तरांचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं लोक म्हणत, तेव्हा त्या कौतुकातला अर्धा वाटा मी मनातल्या मनात उचलत असे. माझं टोक झिजलं तेव्हा इतरांनी मला टाकायला सांगितलं. मास्तर म्हणाले, "एकावर धरायचं, शेवटी एक वजा करायचा. त्यात काय एवढं!"

पुढे मास्तरांचा उजवा हात थरथरू लागला. कापडाच्या थप्पीवर कात्री वाकडी जाऊ लागली. मालकांनी एक दिवस त्यांना बोलावलं.

"मास्तर, सहा महिन्यांनी संगणकावर चालणारं कटिंग मशीन येतंय. त्याला सूचना लिहिणारा माणूस लागेल. तुम्ही शिकलात तर तुम्ही. नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल."

मास्तरांच्या लेकीने ऑनलाइन कोर्स शोधून दिला. प्रोग्रामिंगचे साठ धडे. आकडा ऐकून मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडून सेफ्टी पिन मागून घेतली आणि ठरवलं : एक धडा झाला की पिन एक इंच पुढे.

रोज सकाळी सहाला ते जेवणाच्या टेबलाशी बसत. मी खुर्चीच्या पाठीवर. कारखान्यात इस्त्रीवाले काका माझ्यावरची पिन बघून विचारत, "काय मास्तर, आज किती इंच शिकलात?" सगळे हसत. मास्तरही हसत, पण कान लाल होत.

तेविसाव्या धड्याला गाडी अडली. बारा जणांची मापं एका यादीत होती आणि प्रोग्रामने ती ओळीने दाखवायची होती. तो अकराच दाखवी. पहिला माणूस दर वेळी गायब! मास्तरांनी सगळं पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा अकरा. अठरा दिवस पिन बाविसावरून हलली नाही.

एकोणिसाव्या सकाळी त्यांनी पिन काढून टेबलावर ठेवली.

"बस झालं. पिकल्या पानाला कुठे पालवी फुटते?"

बायकोने चहाचा कप पुढे सरकवला. "अहो, आजवर कुणाला एका बाहीचा शर्ट शिवून दिलात का?"

"नाही."

"मग हाच कसा अर्धा सोडताय? लावा ती पिन."

तेवढ्यात लेक शेजारी येऊन बसली आणि स्क्रीन वाचू लागली. "बाबा, तुम्ही एकापासून का मोजताय?"

"का म्हणजे? मोजतात तसंच!" मास्तरांनी मला उचललं. "ही बघ. इथे एकावर धरायचं, आणि..."

ते थबकले. संगणकाची यादी शून्यापासून मोजायची, हे धड्यात सांगितलं होतं. त्यांनी ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय वहीचं कुठे ऐकते?

"बाबा," लेक हसत म्हणाली, "संगणकाच्या टेपचं टोक शाबूत आहे हो!"

मित्रांनो, मी शरमेने गुंडाळले गेले. पण मास्तर इतके हसले की चहा सांडला. त्यांनी एकाच्या जागी शून्य लिहिलं. यादीत बाराच्या बारा माणसं हजर! पिन तेविसावर गेली.

त्यानंतरही काही धडे रडवणारे होते. एकेचाळिसावा तर त्यांनी चार वेळा केला. पण पिन पुन्हा कधी टेबलावर आली नाही. मशीन यायला नऊ दिवस उरले असताना साठावा धडा संपला. आता पिन लावायची कुठे? साठावर पितळी पट्टी. तिच्यातून पिन शिरेना.

मास्तरांनी सुई-दोरा काढला. माझ्या झिजलेल्या टोकाला बरोबर एक इंचाची नवी पट्टी जोडली. थरथरत्या हाताने, टाका टाका मोजून. तिच्या कडेवर शून्य लिहिलं आणि पिन तिथे लावली.

आज ते त्या मशीनच्या स्क्रीनसमोर बसतात. पहिल्या दिवशी इस्त्रीवाले काका बराच वेळ मागे उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, मलाही एक पिन द्या की."

मी आता मोजत नाही. मशीनशेजारच्या खिळ्यावर ताठ मानेने लटकते. एवढंच मागणं आहे : तुमच्या घरातली माझ्यासारखी एखादी झिजलेली वस्तू फेकण्याआधी तिला एक टाका घालून बघा. आणि हाती घेतलेलं काम अडलं, तर पिन काढू नका. आधी बघा, मोजायला सुरुवात कुठून केली होती.