एका माणसाची आंबील

मोनिकानं लॅपटॉप उलटा करून मागचे स्क्रू काढले, पंख्यातली धूळ ब्रशनं झाडली, स्क्रू परत लावले आणि बटण दाबलं. नऊ मिनिटं यंत्र शहाण्यासारखं चाललं. दहाव्या मिनिटाला पडदा निळा झाला, त्यावर इंग्रजीत माफीची दोन वाक्यं आली आणि लॅपटॉप स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला.

"पडला?" बाकावरून बाबूराव सरांनी विचारलं.

"पडला, सर."

 आठ दिवसांत सरांची ही तिसरी खेप होती. मुरुमच्या बसस्टँडमागं मोनिकाचं हे दुकान उघडून चार वर्षं झाली होती. मेंढरं राखणाऱ्याची पोरगी कॉम्प्युटर काय दुरुस्त करणार, असं म्हणणारे लोक आता स्वतःचेच लॅपटॉप पिशवीत घालून आणत होते. अशा दुकानात एकच लॅपटॉप तीनदा परत यावा, आणि तोही गणिताच्या सरांचा, ही गोष्ट तिच्या जिवाला लागली होती. सातवीपासून दहावीपर्यंत ती सरांकडून गणित शिकली होती. फळ्यावर सरांची एक चूक झाल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि पोरांची एक चूक सरांनी सोडल्याचंही आठवत नव्हतं.

पहिल्यांदा सर आले तेव्हा काम साधं होतं. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला आणि घरी येईपर्यंत त्यातून व्हायरस लॅपटॉपात शिरला. असले रोगी मोनिकाकडं रोज दोन तरी यायचे. तिनं तपासणी लावली, चौदा नावांची यादी आली, तिनं एका दमात चौदाही उडवले आणि लॅपटॉप सरांच्या हातात दिला. तेव्हापासून तो दर दहा मिनिटांनी पडत होता.

"भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं बघ," सर म्हणाले. "व्हायरस होता तवा निदान चालत तरी होता."

"आज करूनच देते, सर. आज तुमास्नी रिकाम्या हातानं पाठवत न्हाय."

"येळवसच्या आत पायजे. शुक्रवारी अमावस्या, येळवसचा सण हाय."

"माहीत हाय की. पण सर, येळवसचा आन् लॅपटॉपचा काय संबंध?"

सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. उत्तर द्यायचं नसलं की ते वर्गातही असंच करायचे.

मोनिकानं या खेपेला घाई केली नाही. उडवलेल्या चौदा नावांची यादी तिनं पुन्हा उघडली आणि पहिल्या वेळी जे करायला हवं होतं ते केलं, म्हणजे एकेक नाव वाचलं. तेरा चोर होते. चौदावं नाव वाचून तिचा हात थांबला. तो व्हायरस नव्हता. दुसऱ्या गावी बसून हा लॅपटॉप उघडता यावा, म्हणून कुणीतरी मुद्दाम घातलेला तो प्रोग्राम होता. चोरांच्या घोळक्यात उभा दिसला म्हणून तिनं त्यालाही हाकललं होतं, आणि तेही अर्धवट. त्याचा एक तुकडा अजून आतच होता.

आजाराचं मूळ सापडलं म्हणून तिला बरं वाटलं, पण क्षणभरच. त्या प्रोग्रामची जुनी नोंद तिनं उघडली आणि तारखा पुन्हा वरपासून वाचल्या. रोज दुपारी, दीड वाजून गेल्यावर, पुण्याहून कुणीतरी या लॅपटॉपात येत होतं. पंधरा-वीस मिनिटं थांबून जात होतं. दोन वर्षं हे चाललं होतं.

तिनं खुर्ची सरांजवळ ओढली आणि आवाज बारीक केला.

"सर, घाबरू नका. पण तुमच्या लॅपटॉपात बाहेरून कुणीतरी येत होतं. रोज. बँकेचं कायी ठिवलंय का ह्यात? पेन्शनचं?"

सर घाबरले नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"माहीत हाय मला," ते म्हणाले. "तेच परत घालता येतंय का बघ."

 मोनिकाच्या दुकानात लोक काय काय मागायचे, पण घालवलेली गोष्ट परत घाला म्हणणारा आजवर कुणी आला नव्हता.

"लॅपटॉप अस्मिताचा हाय," सर म्हणाले.

एवढं बोलल्यावर मोनिकाला पुढचं सांगायची गरज नव्हती. सरांची मुलगी अस्मिता शाळेत तिच्या दोन वर्षं पुढं होती. तिची आई, शारदाकाकू, गेल्या तेव्हा अस्मिता पुण्याचं काम घरूनच करत होती आणि वर्षभर वडिलांजवळ राहिली होती. मग ती पुण्याला परतली, आणि तिनं तिथं स्वतःच्या पसंतीनं रजिस्टर लग्न केलं. मुलगा त्यांच्यातला नव्हता. ती नवऱ्याला घेऊन मुरुमला आली तेव्हा सरांनी दारातच सांगितलं होतं, या घराचा उंबरा पुन्हा चढू नको. अख्ख्या गल्लीनं ते ऐकलं होतं. तीन वर्षं झाली, ती उंबरा चढली नव्हती. बापाचीच लेक.

"जुना म्हणून लॅपटॉप घरीच सोडून गेली ती," सर सांगू लागले. ते मोनिकाकडं बघत नव्हते, समोरच्या कॅलेंडरकडं बघत होते. "म्या एकटा. हातानं करून खायचं. मग म्हटलं, शारदा कसं कसं करायची ते आठवंल तसं लिहून ठेवावं. एक दिवस शेंगाच्या पोळीचं लिहिलं, जेवलो आन् लॅपटॉप तसाच चालू ठेवून आडवा झालो. उठून बघतो तर म्या लिहिलेलं गुळाचं माप बदललेलं. वाटीच्या जागी दीड वाटी. म्हटलं, म्या तर हात लावला न्हाय. मग ध्यानात आलं, जाताना तिकडनं उघडायची सोय करून गेली होती ती. शारदाचं माप आणखी कुणाला ठाऊक असणार?"

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी कडबूचं लिहिलं. तेबी दुरुस्त झालं. आठेक दिवसांनी मला सगळं बरोबर आठवाय लागलं. पण बरोबर लिहिलं की कोण येतंय?"

मोनिकाला आधी कळलं नाही. मग कळलं. फळ्यावर कधी न चुकलेला माणूस दोन वर्षं रोज जेवणाआधी बसून एक चूक करत होता.

"धपाट्यात खसखस घातली एकदा म्या," सर म्हणाले, आणि त्यांना एकदम हसू आलं. "तिनं खसखस खोडली आन् पुढं तीन उद्गारचिन्हं ठेवली."

मोनिकाही हसली. मग तिला आठवलं की तो प्रोग्राम आपणच काढला आहे, आणि तिचं हसू गेलं.

"फोन का करत न्हाय सर तुमी?"

"म्या बोललो ते बोललो, मोनिका. चारचौघांत बोललो. आता फोन कोणत्या तोंडानं करू? पण आता आठ दिवस ती तिकडनं बघत असंल आन् ह्यो लॅपटॉप उघडत नसंल. तिला काय वाटंल? बापानं हेबी दार लावलं. मला झोप न्हाय गं त्यापायी."

मोनिकानं मान खाली घातली आणि कामाला लागली. काढलेला प्रोग्राम तपासणीच्या कोठडीत अजून तसाच पडून होता, कायमचा पुसला गेला नव्हता, हे नशीब. तिनं तो बाहेर काढून जागेवर बसवला.

"पडत कशापायी होता मग?" सरांनी विचारलं. गणिताच्या माणसाला उत्तर आलं तरी रीत बघायची असते.

"सर, मेंढी बाजारात विकली आन् कोकरू मेंढरांच्या कुंपणात, वाडग्यातच ऱ्हायलं, असं झालं हुतं. ते रातभर वरडतंय, आईला हुडकतंय, धडका घेतंय. सगळं वाडगं उठून बसतंय. ह्याचा निम्मा भाग म्या काढला, निम्मा आत ऱ्हायला. त्यो दुसऱ्याला हुडकायचा आन् सापडला न्हाय की समदं बंद पाडायचा."

सरांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिले.

लॅपटॉप सुरू झाला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पडदा निळा झाला नाही. खाली कोपऱ्यात एक करडा ठिपका उमटला. पलीकडून कुणी आलं की तो हिरवा होईल, असं मोनिकानं सांगितलं. सरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. सव्वा वाजला होता.

"फाइल उघडून ठेव," ते म्हणाले. "शेवटचं पान."

मोनिकानं पान उघडलं. वर लिहिलं होतं, येळवसची आंबील. त्याखाली, प्रमाण : एका माणसासाठी. ती वाचून थबकली. येळवसला एका माणसाची आंबील या भागात कुणी लावत नाही. अख्खं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीपुढं, त्या छोट्या खोपटापुढं, जेवणं होतात, बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून बसवतात. ताक-ज्वारीची मडकंभर आंबील करतात ती कमी पडते.

"सर, येका माणसाची आंबील?"

"चूक हाय," सर म्हणाले. "राहू दे."

त्या पहिल्या दुरुस्तीनंतर लॅपटॉप घरी नेला त्याच दिवशी त्यांनी ते पान लिहिलं होतं. त्यांच्या शेतात तीन वर्षं येळवस झाली नव्हती. या वर्षी त्यांनी शेत बघणाऱ्या वीरप्पाला सांगून कोप घालून घेतली होती. कोप तयार होती, शुक्रवार तीन दिवसांवर आला होता आणि हे पान आठ दिवस तसंच्या तसं पडून होतं.

दीड वाजला. सर बाकावरून उठले, कोपऱ्यातलं स्टूल उचलून त्यांनी उंबऱ्याशी ठेवलं आणि रस्त्याकडं तोंड करून बसले. लॅपटॉपकडं त्यांची पाठ होती.

"सर, हिकडं बसा की. दिसंल तुमास्नी."

"नको. म्या बघत असलो की ती करणार न्हाय."

पुण्यातल्या माणसाला मुरुममधलं स्टूल कुठल्या दिशेला आहे हे कसं कळणार, हे सांगायचं मोनिकाच्या तोंडावर आलं होतं. पण तिनं सांगितलं नाही. दोन वर्षं ते रोज दुपारी लॅपटॉप चालू ठेवून भिंतीकडं तोंड करून पडत आले होते.

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. पावणेदोन वाजले. सर घड्याळ बघत नव्हते, पण त्यांचा डावा हात गुडघ्यावर उगाच बोटं मोजत होता. मोनिकाला स्वतःचाच राग आला. एका दमात चौदा नावं उडवायची काय घाई होती?

पावणेदोन होऊन गेले आणि ठिपका हिरवा झाला.

मोनिकानं टेबलावरचे दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले. पडद्यावरचा बाण आपोआप हलला. पानावरून तो सावकाश खाली गेला, पुन्हा वर आला आणि आंबिलीच्या ओळीपाशी थांबला. पुष्कळ वेळ थांबला. मग 'एका माणसासाठी' हे शब्द मागून एकेक अक्षर करत पुसले गेले. रिकाम्या जागेत नुसती रेघ लुकलुकत राहिली. मोनिकाला वाटलं, आता ठिपका जातो.  मग तिथं नवे शब्द उमटले.

"झालं?" सरांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"झालं."

"किती केलं?"

"तुमीच या, सर."

सर आले. टेबलाला धरून वाकले. प्रमाण : साडेतीन माणसांसाठी.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग उजवा हात वर करून वर्गात मोजायचे तसा अंगठा धरला.

"म्या एक," ते म्हणाले. "अस्मिता दोन." तिसऱ्या बोटाशी ते अडखळले. तीन वर्षांत त्या माणसाचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं. "मुकुल, तीन." नाव घेऊन झालं आणि काही बिघडलं नाही. मग ते चौथ्या बोटाकडं बघत राहिले.

"अर्धं कसलं?"

मोनिकाचे डोळे भरून आले होते, तरी तिला हसू आवरेना. दहावीपर्यंत अपूर्णांक शिकवले त्या माणसानं हे विचारावं.

"सर, एष्टीत अर्धं तिकीट कुणाचं काढत्यात?"

 हळूहळू सरांनी ते चौथं बोट अर्धं मिटलं आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं. त्यांच्या गालावरून पाणी उतरत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"मोठं मडकं घ्यायला पायजे," ते म्हणाले. "घरातलं न्हाय पुरायचं."

"व्हय, सर."

ते दाराकडं निघाले, उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले.

"मोनिका, आंबील आंबट असती गं. लहान लेकराला चालती का?"

"मला काय ठावं, सर?" ती म्हणाली. "ठिपका अजून हिरवा हाय. लिवा की कायतरी चुकीचं."

सर तिच्या खुर्चीत बसले. एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत त्यांनी लिहिलं : लहान मुलांना आंबील पोटभर द्यावी, जितकी आंबट तितकी चांगली. एकदा वाचून बघितलं. पूर्णविराम दिला.

मग ते उठले आणि स्टुलावर पुन्हा रस्त्याकडं तोंड करून बसले.